मामा, घोडी घ्यायची की नाही

तीर्थस्वरूप मामा,


"बरी घोडी केवढ्याला पडंल?" एवढंच तुम्ही विचारलं होतं. फोनवर एक आकडा सांगून मी मोकळी झाले असते. पण सगळा हिवाळा घोडेवाल्यांच्या तंबूत काढल्यावर मला त्या प्रश्नाचीच धास्ती वाटायला लागली आहे. शिवाय निवृत्तीचे पैसे हातात आलेले, मागे दोन एकर रान असलेले आणि लहानपणी कधीतरी जत्रेत घोड्यावर बसलेले तुम्ही एकटेच नाही. बाजारात मला असे बरेच मामा भेटले. म्हणून हे पत्र छापायला देते आहे. तुमचं नाव कुठे येणार नाही. गावातले ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

घोडेवाल्यांचं वर्ष दिवाळीला सुरू होतं. अकलूजचा घोडेबाजार उरकला की जनावरं ट्रकांत चढतात आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तापीकाठी सारंगखेड्यात उतरतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं हे गाव एरवी पुलावरून जाताना लक्षातही येणार नाही. एकमुखी दत्ताची यात्रा भरली की मात्र राजस्थान, पंजाब, गुजरात, उत्तर प्रदेश अशा चहूकडच्या नंबरप्लेटी तिथे दिसतात आणि रानात घोड्यांच्या रांगा लागतात. पुढे पंधरवड्याने, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाची यात्रा सुरू होते. तिथे घोड्यांच्या शेजारी गाढवं आणि उंटही उभे असतात. सारंगखेड्यात खपलं नाही ते माळेगावला न्यायचं, असा हिशेब. त्यानंतर लग्नसराई.

मी राहिले ते कुटुंब धुळ्याकडचं, तीन पिढ्या घोड्यांच्या व्यापारातलं. काका घरात अहिराणी बोलतात, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि घोड्याशी नुसतं जिभेने चक्‌चक्‌. त्यांच्याकडे दोन मोतद्दार आहेत, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे गडी, दोघेही मारवाडातले. पैकी थोरला माझ्याशी पहिला आठवडा बोललाच नाही. काकूंनी मात्र पोहोचल्या दिवशीच माझ्या हातात पाटी दिली आणि लीद भरायला लावली. "लिखाण मग," म्हणाल्या.

मामा, बाजाराचे व्हिडिओ तुम्ही बघता ते दुपारचे असतात. खरा बाजार पहाटे चारला उठतो. डिसेंबरात तापीवरून येणारं वारं तंबूच्या कापडातून आत शिरतं आणि गोधडीतून हात बाहेर काढावासा वाटत नाही. त्या वेळी मोतद्दार उठलेला असतो. आधी लीद बघायची. किती टाकली, कशी टाकली, रात्री टाकलीच नाही का. मग पाणी, मग थोडा कडबा, आणि त्यानंतरच तोबऱ्यात चंदी. मग खरारा. उजाडल्यावर चारही खूर उचलून आतली घाण काढायची. हे सगळं होईपर्यंत चहा नाही.

ही शिस्त का, ते मला काकूंनी नाही, एका रात्रीने शिकवलं. घोडं एवढं दांडगं, पण त्याच्या जठरात मावून मावून आठ ते पंधरा लिटर मावतं. म्हणून त्याला थोडं थोडं, दिवसभर खायला लागतं. त्यात त्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं उलट्या वाटेने बाहेर येणं त्याच्या शरीरात बसतच नाही. खाण्यापिण्यात गडबड झाली, वायू धरला, आतड्याला पीळ पडला, की पोटशूळ; आणि पोटशूळ घोड्याला मारतो.

आमच्या रांगेतली कुमेत घोडी त्या रात्री जेवणानंतर बसली, उठली, परत बसली. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली. थोरल्या मोतद्दाराने ताटातला हात काढला तो तसाच उष्टा घेऊन पळाला. तिला लोळू द्यायचं नाही, म्हणून फिरवायचं. रात्री दहापासून ती घोडी आणि माणसं त्या रानात फेऱ्या मारत होती. एक दमला की दुसरा दोर धरायचा. डॉक्टर आले, त्यांनी नाकपुडीतून नळी जठरापर्यंत घातली, तेल सोडलं, इंजेक्शन दिलं आणि फिरवत राहा म्हणाले. पहाटेच्या सुमाराला बघते तर दोर समोरच्या तंबूतल्या व्यापाऱ्याच्या हातात. हा तोच माणूस, जो दिवसभर आमच्या गिऱ्हाइकांना बाजूला घेऊन "तिची मागची टाच बघा नीट" म्हणून सांगत होता. घोडीने उजाडता उजाडता लीद टाकली. मामा, लीद बघून सात-आठ पुरुषांनी एकमेकांना मिठ्या मारलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. काकूंनी सगळ्यांना गूळ घातलेला काळा चहा दिला. नऊ वाजता बाजार भरला आणि समोरचा परत आमच्या गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन घोडीच्या टाचेबद्दल सांगायला लागला.

मला ही माणसं आवडायला लागली ती तिथून.

आता भावाचं. कोटीचे आकडे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. मंडपात दिवे, पंखे, खाली मऊ भुसा, गळ्यात हार, आणि मालक छातीवर हात ठेवून सांगतो की अमक्याने एवढे कोटी देऊ केले, पण हा घोडा विकायचा नाही. तो खरंच विकायचा नसतो. त्याच्याकडे घोड्या दाखवायला आणतात, त्याची शिंगरं विकली जातात, आणि त्यासाठी जाहिरात लागते. सांगितलेला भाव आणि मोजलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे. खरा सौदा आवाज न करता होतो. जुने व्यापारी अजून हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला चेहऱ्यांवरून काही कळत नाही. विसार दिला की घोडी तुमची, मग मागून दुप्पट देणारा आला तरी. बाजार समितीची पावती फाडायची, दलालाचं द्यायचं, संपलं.

घोडीचं वय दातांवरून बघतात. अडीच वर्षांच्या सुमाराला मधले दोन दुधाचे दात जाऊन पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाच वर्षांचं जनावर पूर्ण दाती. पुढे दातांवरच्या खळग्या झिजत जातात, त्यावरून आठ-नऊ वर्षांपर्यंत अंदाज बांधता येतो. खळग्या कोरून, काळ्या करून वय चोरणारेही आहेत. त्यामुळे नऊच्या पुढे घोडीचं तोंड बघून फारसा उपयोग नाही, व्यापाऱ्याचं बघावं.

उंची इंचात मोजतात. मारवाडी असेल तर गिऱ्हाईक आधी कान बघतं. दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकली पाहिजेत. मग चाल. रेवाल चालीत घोडा वेगाने जातो आणि वरच्या माणसाचं अंग हलत नाही. रंगांची तर नुसती नावं ऐकत बसावं: नुकरा, अबलख, कुमेत, मुश्की, सब्जा. चारही पाय आणि तोंड पांढरं असलं की पंचकल्याणी.

आणि भोवरे. केसांचे भोवरे कुठे आहेत यावर आजही लाखाचा फरक पडतो. गळ्यावरचा देवमण असला की मालकाची छाती फुगते. डोळ्याखाली भोवरा असला तर ती आसूढाळ, घरात रडं आणणारी. पायावरचा भोवरा एका तोंडाचा असला तर खुंटगाड, म्हणजे मालकाचा खुंटा पक्का. दुसऱ्या तोंडाचा असला तर खुंटउपाड, घर बसवणारी. शिकलेली, मोटारीतून आलेली माणसं मोबाइलचा दिवा लावून घोडीच्या अंगावर भोवरे शोधत असतात. मी काकांना विचारलं, तुमचा विश्वास आहे का? ते म्हणाले, "माझा नाही. पण मला ती विकायची आहे ना." म्हणून व्यापारी अशुभ भोवऱ्याची घोडी घेतच नाहीत, आणि मूळ मालकाला ती पडेल भावात द्यावी लागते. तुम्ही मंगळ असलेल्या सुनेची पत्रिका फाडून टाकलीत, तेव्हा भोवऱ्यांना तुम्ही भिणार नाही हे मी धरून चालते. आसूढाळ घोडी दिसली तर पाय बघा, डोळे बघा, श्वास ऐका, आणि भाव पाडून घ्या.

एका गोष्टीवरून माझं आणि काकांचं वाजलं. नाचकामाचे घोडे. ढोल लागला की पुढचे पाय उचलून ठेका धरणारा घोडा यात्रेत सगळ्यांत जास्त गर्दी खेचतो. लोकांना वाटतं तो खुशीत नाचतोय. त्याच्या तोंडातला लगाम जवळून बघा म्हणावं. काही लगामांना आतून काटे असतात. १९६५ च्या नियमांनुसार काटेरी लगामाला मनाई आहे. म्हणजे बंदी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, आणि वस्तू यात्रेतल्या दुकानात टांगलेली. काकांकडे तसला लगाम नाही, पण ज्याच्याकडे आहे त्याला ते घोडा विकतात. मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरात बंद झाली ना पोरी, की घोडा फक्त चित्रात राहील."

हे बोलणं मला झटकून टाकता आलं नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती ३.४ लाखांवर आली. सात वर्षांत जवळपास निम्मी गेली. टांगे गेले, मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने बेकायदा ठरल्या, शेतात घोड्याचं काम आपल्याकडे फारसं नव्हतंच. उरलं काय, तर वरात, माथेरान-महाबळेश्वरचे पर्यटक, शर्यती, आणि तुमच्यासारखे हौशी. नवरदेवाच्या त्या अर्ध्या तासाच्या मिरवणुकीला मी आजवर नाकं मुरडत आले. आता तिच्यावर किती चुली पेटतात ते पाहिलं आहे. काटेरी लगामाबद्दलचं माझं मत मात्र तसूभर बदललेलं नाही. वरात साध्या लगामानेही निघते.

आणखी एक, हे सगळ्यांत महत्त्वाचं. ग्लँडर्स नावाचा रोग आहे. घोड्या-गाढवांना होतो, माणसालाही होऊ शकतो. रक्ताचा नमुना घेतात, पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. दोष निघाला तर उपचार नाहीत. कायद्याने त्या जनावराला मारावंच लागतं. दिसायला धडधाकट असलं तरी. त्यामुळे रक्त घेणारे डॉक्टर आले की काही तंबूंतली जनावरं अचानक "पाणी पाजायला" नदीकडे निघतात. काकांनी आपली सगळी रांग आपण होऊन तपासून घेतली आणि निकाल येईपर्यंत काकूंनी दत्ताला काय काय बोलून ठेवलं होतं ते मला माहीत आहे. निकाल चांगला आला. ज्याच्याकडे तपासणीचा ताजा दाखला नाही, त्याच्या घोडीला हातसुद्धा लावू नका. मग तिच्या गळ्यावर देवमण असो की साक्षात दत्तगुरू.

तुम्हाला वाटत असेल, एवढं लिहिलं आणि घोड्यावर बसल्याचं एक अक्षर नाही. बसले थोडीफार. पण मामा, तिथे कोणीच फार बसत नाही. गिऱ्हाइकाला चाल दाखवायला धाकटा मुलगा एक फेरी मारतो, तेवढंच. बाकी सगळा दिवस माणूस जमिनीवर, घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही; तेव्हा समोरून चालून जायचं नाही, मागून तर नाहीच, खांद्याकडून आवाज देत जायचं. थोरला मोतद्दार अंधारात नुसत्या फुरफुरण्यावरून कोणती घोडी उठली ते सांगतो. त्याच्या नावावर एकही घोडं नाही, आणि बहुतेक कधी होणारही नाही. विक्री झाली की तो घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो, नव्या माणसाला तिच्या खाण्याच्या खोडी सांगतो आणि शेजारच्या खुंट्याची लीद भरायला लागतो.

तुम्ही आम्हाला लहानपणी शिलेदार आणि बारगीर यांतला फरक समजावून सांगायचात. शिलेदाराचं घोडं त्याचं स्वतःचं, बारगिराचं सरकारी पागेतलं. मला तेव्हाही शिलेदार व्हायचं असायचं. पागेत चंदी कोण मोजायचं, हे आपण कधी विचारलं नाही. आपल्या चौकाचौकांत घोड्यावर बसलेले पुतळे आहेत. मोतद्दार एकाही पुतळ्यात नाही. तुमच्याकडे तो कोण असणार आहे, हे ठरल्याशिवाय घोडीचा भाव विचारण्यात अर्थ नाही. गडी ठेवाल तर त्याच्या पगारात वर्षाला दुसरी घोडी येईल. स्वतः करणार असाल तर रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी तुम्ही घरी पाहिजेत. चारधाम विसरा. वजनाच्या दीड-दोन टक्के वाळला चारा रोज, पाणी तीस-चाळीस लिटर, थंडीत झूल, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. आपल्या तालुक्यात नालबंद किती उरलेत ते आधी शोधा. मला तरी एकच सापडला, तोही बैलांना पत्र्या मारणारा.

तर आता सल्ला. पासष्ट इंची मारवाडी घोडी तुमच्यासाठी नाही. ती सुंदर आहे, तापट आहे, आणि तुमचे गुडघे मला माहीत आहेत.

पौषात परत येताना मी वाट वाकडी करून कोकणात उतरलेल्या धनगरांच्या एका वाड्याकडे, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, गेले होते. दिवाळीनंतर ही मंडळी मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि सगळा संसार असतो तट्टांच्या पाठीवर: भांडी, वाकळा, पिठाची पोती, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. पुरुष मेंढरांमागे, तट्टांची सगळी जोखीम बायांकडे. बाजारातल्या कोणत्याही मालकापेक्षा त्या बाईच्या हाताखालचं जनावर मला शांत दिसलं. ती ओझं चढवताना बोलत होती माझ्याशी आणि तट्टू बांधलेलं नव्हतं, तरी हललं नाही.

हे आपलं भीमथडी. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास, पाय काटक, खूर टणक, चाऱ्याचे चोचले नाहीत. २०२४ च्या जानेवारीत या जातीला सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून मान्यता जाहीर झाली. देशातली ती आठवी नोंदलेली घोड्याची जात. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजल्याचं तुम्ही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगता. ती तट्टं भीमा-नीरेच्या काठाने अजून चालतायत, तुमच्या बांधावरून दरसाल जातात, आणि तुम्ही मेंढरांनी ऊस खाल्ला म्हणून ओरडायला तेवढे बाहेर येता.

तट्टू म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला असेल. पडू दे. ते तुम्हाला बांधावरून फिरवून आणेल, नातवंडांना पाठीवर घेईल, आणि चढायला ओटा लागणार नाही. पावसाच्या तोंडावर वाडे घाट चढून वर येतात, तेव्हा आपण जाऊ. एखादी पाच-सहा वर्षांची घोडी द्यायला कोणी तयार होतं का बघू. होतीलच असं नाही, त्यांचा संसार आहे तो. रक्ततपासणीचं मी बघते, धुळ्याचे काकाही येतो म्हणालेत, दात तेच पाहतील. भावाचं बोलणं त्यांच्यावर सोडा आणि तुम्ही गप्प बसा. तोवर गोठ्याच्या पूर्वेला कोरडी, उतार असलेली जमीन करून घ्या, कडबा भरून ठेवा, आणि पहाटे चारला उठायची सवय लावा.

पुण्याहून आणून माळ्यावर लपवलेल्या जिनाबद्दल मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नका. पावती असेल तर परत करून टाका. ते मोठ्या घोड्याच्या मापाचं आहे.

तुमची,
भाची